वाजणाऱ्या बांगड्या

“ह्या नकोत मावशी. ह्या वाजत नाहीत.”

वैजूने तिसरा डझनही बाजूला सारला. मोरपंखी झाल्या, डाळिंबी झाल्या, वर्खाच्या झाल्या. रंगाकडे ती बघतच नव्हती. प्रत्येक डझन कानापाशी नेऊन हलवायची आणि परत माझ्या पुढ्यात ठेवायची.

“बांगडी डोळ्यांनी निवडतात गं बाई, कानांनी नव्हे,” मी म्हणाले. नागपंचमी तोंडावर आली होती, दुकान बायकांनी भरलं होतं. सगळ्या खळखळून हसल्या.

वैजू हसली नाही. चौथ्या डझनाच्या पातळ बिल्लोरी बांगड्या तिने कानाशी हलवल्या, मान कलती करून पुन्हा हलवल्या आणि म्हणाली, “ह्या. दोन्ही हातांत डझन-डझन.”

“अगोबाई! हिला आता उजवूनच टाका,” कुणीतरी म्हणालं. वैजू नऊ वर्षांची होती.

“नटवी आहेस हं,” मीही म्हटलं. “आण हात. तुमचे हात बघितले की मला सगळं कळतं. कुणी भाकरी थापल्या, कुणी नुसत्या खाल्ल्या, कुणाला माहेरची आठवण येतेय. कासारणीपासून काही लपत नाही.”

ही माझी नेहमीची बडबड. गिऱ्हाइकाचं लक्ष बोलण्यात गुंतलं की हात सैल पडतो आणि बांगडी चढते. बायकांना ते आवडायचं. “माझं सांग, माझं सांग” करत हात पुढे यायचे आणि मी दहातली सात वेळा बरोबर सांगायचे.

“सगळं कळतं?” वैजूने विचारलं.

“सगळं.”

तिने हात पुढे केला, आणि तोही तळवा वर करून. बांगडी भरायला हात असा कुणी देत नाही. तो माझ्या गुडघ्यावर ठेवून ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी हात उलटसुलट केला. नखं पार मुळापर्यंत कुरतडलेली होती. बाकी हात मुलीचा असतो तसाच.

“ही पोरगी नखं खाते आणि शाळेत झोपा काढते,” मी जाहीर केलं. पुन्हा हशा झाला.

वैजू अजून थोडा वेळ माझ्याकडे बघत थांबली. मग तिने मान खाली घातली आणि मी बांगड्या भरायला घेतल्या. तो हात काही सैल पडेना. चोवीस बांगड्या चढवताना मला घाम फुटला.

या गोष्टीला आता चोवीस वर्षं होतील. माझं दुकान तेव्हाही इथेच, एस्टी स्टँडच्या समोर होतं. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, आठवड्याचे बाजार करत गावोगाव फिरायचे आणि दुकान मी बघायचे.

वैजूची आई त्याच्या दोन वर्षं आधी गेली होती. बाप, महादू, ट्रक चालवायचा. पंधरा-पंधरा दिवस बाहेर असायचा. “माझ्या पोरीला काय पायजे ते देत जावा,” असं मला सांगून ठेवलं होतं त्याने. घरात आजी ठकूबाई, अर्धांगाने पडलेले आजोबा आणि महादूचा धाकटा भाऊ रंगनाथ. रंगनाथची पिठाची गिरणी होती. लग्न झालं नव्हतं. विडी नाही, तंबाखू नाही, भजनात पेटी वाजवायचा, रस्त्याने जाताना बाईमाणसाकडे मान वर करून बघायचा नाही. गावात पोरींच्या आया त्याच्याकडे जावई म्हणून बघायच्या.

आठ दिवसांत वैजू पुन्हा दुकानात.

“मावशी, वाढल्या.”

बांगडी फुटली असं आम्ही म्हणत नाही, वाढली म्हणतो. ‘फुटली’ हा शब्द अशुभ. ही रीत वैजूलाही ठाऊक होती, तिची आईच माझी गिऱ्हाईक होती. डाव्या हातात पाच उरल्या होत्या, उजव्यात तीन. मनगटावर बारीक बारीक चिरा होत्या, त्यावर हळद लावलेली.

“झिम्मा खेळलीस का कुस्ती?” मी विचारलं.

“भरा ना. त्याच वाजणाऱ्या.”

मी भरल्या. आणखी चार दिवसांनी पुन्हा वाढल्या. मग पुन्हा. मी रागावले, “हात आहेत का मुसळ?” म्हणाले, पण कशा वाढल्या ते एकदाही विचारलं नाही. का, तर माझ्या सासूने मला या गादीवर बसवताना एकच गोष्ट बजावली होती. “हातावर काय दिसंल ते हातावरच ठिवायचं. वळ दिसंल, डाग दिसंल, बांगडी मनगटापाशी वाढलेली दिसंल. इचारायचं न्हाई. इचारलंस की ती बाई परत यायची न्हाई आन तिच्या घरात तुझं नाव निघंल.” मी ते इतकं अंगी बाणवलं होतं, की मोठ्या बायकांसाठी केलेला नियम मी लहान पोरीलाही लावला.

दुपारच्या वेळी गिऱ्हाईक नसायचं. शाळा सुटली की वैजू घरी न जाता माझ्याकडे यायची, रिकाम्या खोक्यांना टेकायची आणि बसल्या बसल्या झोपून जायची. झोप तरी कशी, शेजारी घागर पडली तरी जाग येऊ नये अशी. संध्याकाळी उठवलं की घराच्या वाटेकडे बघत म्हणायची, “अजून थोडा वेळ बसू?”

“आई नाही बिचारीला, माया लागलीय माझी,” असं मी शेजारणीला अभिमानाने सांगायचे.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी रंगनाथ तिला हाताला धरून दुकानात घेऊन आला. चपला बाहेर काढल्या, पायरीपाशी उभा राहिला. आत आला नाही.

“वयनी, एक काम व्हतं,” तो खाली बघत म्हणाला. “हिच्या ह्या काचेच्या काढून टाका.”

“का हो? परवाच तर भरल्यात.”

“झोपंत हात आपटती. काचा घुसत्यात. बघा की मनगट कसं झालंय. आईबिगर पोर, कोण बघणार? त्या पलास्टिकच्या असत्यात बघा, त्या भरा. लागायच्या न्हाईत आन वाजायच्याबी न्हाईत.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला बोलू, खरंच आलं. आमच्या मालकांना स्वतःच्या पोरीच्या बांगड्यांचं माप कधी ठाऊक नव्हतं आणि हा चुलता असून पुतणीच्या मनगटाची काळजी करत होता.

“तुमच्यासारखा चुलता सगळ्यांना मिळो,” मी म्हणाले.

“मावशी, नको,” वैजू म्हणाली. अगदी हळू.

“अगं, सुंदर आहेत प्लास्टिकच्या. गुलाबी देते, चांदणीवाल्या.”

“नको. काचेच्या राहू दे.”

“हट्ट करायचा नाही. काका तुझ्या भल्याचंच सांगतात ना?”

मी तिचा हात हातात घेतला. तोवरच्या वीस वर्षांत मी हजारो हात धरले असतील. थंडीने आखडलेले, बाळंतपणानंतर सुजलेले, कष्टाने घट्टे पडलेले. पण तसा हात मी त्याआधी धरला नव्हता. लाकडासारखा ताठ आणि गार. रंगनाथ पायरीवर पुढे झाला तशी पाचही बोटं एकदम आवळली गेली आणि एक बांगडी माझ्या मुठीतच मोडली. माझ्या तळव्याला काच लागली.

सगळं कळणारी कासारीण मी. तो हात माझ्या हातात होता, तो माणूस तीन हातांवर उभा होता. आणि मी काय म्हणाले? “बघ, तुझ्या हट्टापायी मला लागलं.”

मग मी एक एक करून सगळ्या काचेच्या बांगड्या उतरवल्या. प्लास्टिकच्या चढवायला काहीच त्रास पडला नाही, त्या ताणल्या जातात. वैजूने रडून गोंधळ घातला नाही. तिने एकदाच हात हलवून बघितला. काहीच वाजलं नाही. रंगनाथने दोन्ही हात जोडून मला नमस्कार केला आणि ती दोघं गेली.

त्यानंतर ती दुपारची येईनाशी झाली. रुसली असेल, म्हटलं. पोरीबाळींचं रुसणं किती दिवस टिकतं!

गौरी-गणपती जवळ आले तशी ठकूबाई बांगड्या भरायला आली. सकाळची दहाची वेळ होती. म्हातारीचे हात म्हणजे नुसत्या शिरा आणि हाडं, पण बांगड्यांची हौस दांडगी. मी डावा हात घेतला, हिरव्या बांगड्या चढवायला सुरुवात केली.

“आजी, वैजू दिसत नाही हल्ली.”

“हाय की घरात. बोलती कुटं पर. मुकीवानी बसती.” ठकूबाई पाय लांब करून टेकली. “ल्येकी, त्या पलास्टिकच्या भरल्यास ते लई ब्येस केलंस बघ. माझी झोप तरी मार्गी लागली.”

“ती कशी?”

“अगं, कवाबी मधल्या रातीला ह्या पोरीच्या बांगड्या खळ्ळ खळ्ळ खळ्ळ वाजायच्या. मला जाग यायची. ‘काय गं झालं’ म्हणून दिवा लावून जावं, तर आमचा रंगा तिच्यापाशी. पांघरूण घालत असायचा बिचारा. ‘दचकली वाटतं, आये, तू झोप,’ म्हणायचा. रोज रोज त्येच. आता कसं, सकाळपस्तोर डोळा उघडत न्हाई माझा.”

माझ्या हातात तिचा हात होता. पाच बांगड्या चढल्या होत्या, सहावी अंगठ्याच्या हाडापाशी अडकली होती. ती मी ना पुढे ढकलली, ना मागे ओढली.

पोरगी झोपेत हात आपटत नव्हती. ती हात वाजवत होती.

कानाशी धरून निवडलेला तो डझन, दुपारची ती मेल्यासारखी झोप, ‘अजून थोडा वेळ बसू’, पायरीवरचा तो माणूस आणि माझ्या मुठीतला तो लाकडासारखा हात, हे सगळं माझ्यापुढे एका ओळीत येऊन उभं राहिलं.

“काय गं, थांबलीस का?” ठकूबाई म्हणाली.

“आजी, किती दिवस झाले प्लास्टिकच्या भरून?” मी विचारलं. मला माहीत होतं, तरी विचारलं.

“झालं असतील की पंदरा-ईस.”

अठरा. मी मनात मोजले होते. मी उठले, पायात चपला सरकवल्या.

“अगं, अर्ध्या हातानं मला सोडून कुटं चाललीस? अपशकून करतीस व्हय?” ती मागून ओरडत होती. हात अर्धा भरून कासारीण कधी उठत नाही. सासू मेली त्या दिवशीही मी समोरच्या बाईचा हात पुरा करून मग उठले होते. त्या दिवशी उठले.

शाळेत उत्तूरकर बाई चौथीला, वैजूच्या वर्गाला, शिकवायच्या. मी धापा टाकत त्यांना वर्गाबाहेर बोलावलं आणि ठकूबाई जे म्हणाली ते जसंच्या तसं सांगितलं. माझं काही मी त्यात घातलं नाही. बाईंचा चेहरा उतरत गेला.

“दोन महिने झाले,” त्या म्हणाल्या, “वर्गात झोपते. आधी पुढच्या बाकावर बसायची, आता भिंतीच्या कोपऱ्यात बसते. परवा शिपाईमामांनी मागून नुसता खांद्याला हात लावला, तर हिने चड्डीत लघवी केली. मी म्हटलं, आई नाही, म्हणून असेल.”

“मीही तेच म्हटलं,” मी म्हणाले.

वैजूला बाहेर बोलावलं. ग्रंथालयाच्या खोलीत आम्ही तिघीच बसलो. बाईंनी दार नुसतं लोटलं, कडी लावली नाही. वैजू कडीकडे बघत होती हे बाईंच्या लक्षात आलं, माझ्या नाही. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि तळवा वर करून माझाच हात तिच्यापुढे धरला. बऱ्याच वेळाने तिने आपला हात त्यात ठेवला. गुलाबी चांदणीवाल्या बांगड्या तशाच होत्या, एकही वाढलेली नव्हती.

“वैजू, वाजणाऱ्या कशाला पाहिजे होत्या गं?”

तिने बाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“आजी उठती.”

“आणि आजी उठली की?”

“काका जातो.”

उत्तूरकर बाईंनी तोंडाला पदर लावला. मला रडायचं होतं, पण तिच्यासमोर रडायचा मला काय हक्क? मी म्हणाले, “तू काहीही चूक केलेली नाहीस. ऐकलंस? काहीही नाही. आज घरी जायचं नाही. बाईंच्या घरी जेवायचं, तिथंच झोपायचं, आणि बाबा येईपर्यंत तिथंच राहायचं.”

“काकाला सांगनार?”

“काकाला पोलीस सांगतील.”

तिचा हात माझ्या हातात सैल पडला. पहिल्यांदाच. इतका सैल, की पावणेदोनच्या, तिच्याहून लहान मापाची बांगडीसुद्धा सहज चढली असती.

पुढचं सगळं झालं ते मी थोडक्यात सांगते. ट्रकच्या मालकाला फोन गेला, तिसऱ्या दिवशी महादू आला. तो पोलीस ठाण्याच्या पायरीवर बसून कपाळ बडवत होता ते मी बघितलं आहे. रंगनाथला नेलं तेव्हा भजनातले चौघे सोडवायला आले होते, डॉक्टरणीचा कागद निघाल्यावर ते गेले. ठकूबाईने माझ्या दुकानासमोर उभं राहून मला शिव्या घातल्या. “अर्ध्या हातानं उठून गेलीस तवाच माझं घर मोडलंस!” तिच्या हातात त्या पाच हिरव्या बांगड्या तशाच होत्या. महिनाभर गावातल्या निम्म्या बायका माझ्या दुकानाची पायरी चढल्या नाहीत. नंतर त्याच बायका म्हणायला लागल्या, कासारणीमुळे पोर वाचली. अजूनही म्हणतात. मी ऐकून घेते आणि विषय बदलते.

का बदलते, ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

वैजूची सख्खी मावशी तिला न्यायला आली. लांबचं गाव होतं, दुपारची एस्टी होती. निघण्याआधी वैजू दुकानात आली, धुतलेला फ्रॉक, घट्ट वेण्या. प्लास्टिकच्या बांगड्या हातात नव्हत्या. मी तिच्यासाठी पातळ बिल्लोरी दोन डझन कागदात बांधून ठेवल्या होत्या. पुडी तिच्या हातात दिली. तिने सवयीने ती कानाशी नेऊन हलवली आणि परत फळीवर ठेवली.

“आता नकोत,” ती म्हणाली. “मावशीकडं मी आन मावशीच असती. दाराला आतनं कडी हाय.”

“बरं,” मी म्हणाले. “मग नुसता हात तरी दे. परत कधी भेटशील?”

तिने हात दिला. तसाच, तळवा वर करून. आणि पहिल्या दिवशी बघत होती तशीच माझ्या तोंडाकडे बघायला लागली.

“मावशी, एक इचारू?”

“विचार की.”

“तुम्हाला कळलं होतं ना? नागपंचमीला. मी हात दिला तवा.”

मी तिच्या तळव्याकडे बघितलं.

“तुम्ही म्हनाला होता, हात बघितला की सगळं कळतं. म्हनून मी हात दिला. तोंडानं सांगायचं नव्हतं. काका म्हनला होता, सांगितलंस तर बाबाला मारीन. पर तुम्हाला हातावरनंच कळतं, मग मी सांगितलं असं होत न्हाई ना?”

स्टँडवर गाडी लागली होती. मावशीने हाक मारली, “वैजे, चल गं!”

वैजू हलली नाही. तिच्या बोलण्यात राग नव्हता. अडलेलं गणित बाईंना विचारावं तसं ती विचारत होती.

“मग काका आला त्या दिवशी प्लास्टिकच्या का भरल्या?”

मी तोंड उघडलं. कळलं होतं म्हणावं, तर जाणूनबुजून मी तिला त्या घरात मुकी करून धाडली असं होत होतं. कळलं नव्हतं म्हणावं, तर आठ-आठ दिवसांनी ती माझ्यासमोर हात धरून बसायची, ते सगळं माझ्या एका फुशारकीवर विसंबून. कंडक्टरने घंटी ओढली. मी अजून तोंड उघडून उभीच होते.

वैजूने वाट बघितली. मग तिने मान खाली घातली, माझ्या हातातून आपला हात हळूच काढून घेतला, आणि रस्ता ओलांडून गेली.